बांधणीची ओळ

झनकभाऊ,

तुमच्या तेरवीला मंगरू आला होता, भागरताला घेऊन. अर्जुनी मोरगावकडून पहिल्या बसने निघून दोघं कोहमाऱ्याला उतरले, तिथून कुणाचा तरी ट्रॅक्टर मिळाला आणि तुमच्या गावी पोचले. पंगतीत नवराबायको शेजारी बसले होते. मी भाजी वाढत होते. भागरताने पत्रावळ पुढे सरकवली ती बोटांनी नाही, मनगटांनी. नऊ वर्षं झाली तरी तिची बोटं नीट वळत नाहीत हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि तिच्या पानात भाजी वाढणं वेगळं.

जेवण झाल्यावर मंगरू हात धुवायला विहिरीपाशी आला. मी त्याच्या हातावर पाणी ओतत होते. तो म्हणाला, "भाऊ देवमानूस होता, बाई. चूक माही होती. तरी माह्या घरी येऊन मले म्हने, मंगरू, तुही चूक नोहे, मशीनची होती. दुसऱ्याचं मन राखाले एवढं कोन बोलते?"

मी पाणी ओतत राहिले. त्याचे हात कधीच धुऊन झाले होते.

म्हणजे त्याने तुमचं बोलणं खरं मानलंच नव्हतं, भाऊ. नऊ वर्षं तो माणूस समजून चालला होता की बायकोचे हात आपण जाळले, आणि तुम्ही चांगले म्हणून खोटं बोललात. तुम्ही खरं बोलत होतात. फक्त अर्धंच बोलला होतात. उरलेलं अर्धं म्हणजे मी.

तेरवीत लोक तुमच्याविषयी बरंच बोलले. ते इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडलंही नसतं. आपल्या दोघांत जे कधी बोललं गेलं नाही तेवढंच लिहिते.

१९९९ साली मी तुमच्याकडे आले तेव्हा तुमचं दुकान म्हणजे गोंदियाच्या एका गल्लीतली खोली, दोन कॉम्प्युटर आणि दिवसभर सोल्डरिंगचा वास. मी नवेगाव बांधची. बाबा तलावात जाळं टाकायचे. डिप्लोमा झाला होता, पण कुणी नोकरी देत नव्हतं. तुम्ही राइस मिलवाल्यांसाठी कंट्रोलर बनवायचात. उसना तांदूळ करताना धान हौदात गरम पाण्यात भिजवतात, मग त्याला वाफ देतात. ती वाफ कधी सोडायची आणि कधी बंद करायची हे सांभाळणारा लोखंडी डबा, त्यात एक लहानसा कॉम्प्युटर, आणि त्या कॉम्प्युटरवर आपला प्रोग्राम. मुलाखत म्हणून तुम्ही मला एका मिलमध्ये नेलंत, हौदाजवळ उभं केलंत आणि विचारलंत, "भेव वाटते का?"

"नाही," मी म्हटलं.

"वाटाले पाहिजे," तुम्ही म्हणालात, आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर या असं सांगितलंत.

आपलं पहिलं भांडण त्याच महिन्यात झालं. तुम्ही एक छोटी फाइल लिहून ठेवली होती. प्रोग्राम बांधताना, म्हणजे आपण लिहिलेल्या मजकुराचं कंपायलरकडून मशीनच्या भाषेत रूपांतर करून घेताना, कंपायलरला जे जे सांगितलं असेल ते सगळं एका ओळीत गोळा व्हायचं आणि तयार झालेल्या प्रोग्रामच्या पोटातच जाऊन बसायचं. कोणते पर्याय दिले, कोणत्या दिवशी, कोणत्या कॉम्प्युटरवर, कुणी. तुम्ही तिला बांधणीची ओळ म्हणायचात.

मला तो वेडेपणा वाटला. त्या डब्यात जागा केवढी, आणि त्यात ही दोन-अडीचशे अक्षरं. मी म्हटलं, "आपण लिहिलेला प्रोग्राम आहे ना जपून? मग ही ओळ कोण वाचणार?"

"लिहिलेला एकच राहते," तुम्ही म्हणालात. "पन कंपायलरले 'वेगानं चालव' म्हटलं का तो एक बनवते, 'जसं हाय तसं ठेव' म्हटलं का दुसरं बनवते. वरून पाहाले दोन्ही सारखेच. उद्या एक बिघडला तर तू कोनता घेऊन बसशील?"

"वहीत लिहून ठेवू."

"वही दुकानात राहते. मशीन असते देवरीले. अन् वहीत मानूस आपल्या सोयीचं लिहिते."

मग तुम्ही तुमच्या लहानपणची गोष्ट सांगितलीत. तुम्हा पोवारांच्या घरी भाट यायचे, माळव्यातून कोण निघालं, कुणाचा मुलगा कोण, सगळं म्हणून दाखवायचे. तुमच्या आजोबांनी एकदा भाटाला एक नाव गाळायला सांगितलं. घरातून निघून गेलेल्या एका काकाचं. भाटाने गाळलं. पुढच्या पिढीला तो काका होता हेच कळलं नाही. "म्हनून ज्याचं त्यानं सांगितलेलं बरं," तुम्ही म्हणालात. मला ती गोष्ट आणि कंपायलर यांचा संबंध लागला नाही. मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

वाद मी हरले. ओळ राहिली. पहिली चार वर्षं ती वाचायची वेळ आपल्यावर फार तर दोनदा आली असेल, तीही किरकोळ कामासाठी.

मग मंगरू जिथे कामाला होता त्या मिलचं काम आलं. मिलमालक सेठना एकाच डब्यावर दोन हौद चालवायचे होते. दुसऱ्या हौदाचा भाग तुम्ही लिहिलात, बाकी जोडणी माझ्याकडे होती. नेमकं त्याच वेळी वहिनींचं ऑपरेशन निघालं आणि तुम्ही नागपूरला गेलात. जाताना दारात वळून म्हणालात, "ऑप्शन बदलवायचे असन तर मले फोन कर."

दोन हौद घेतल्यावर डबा रखडू लागला. पडद्यावरचे आकडे मागे पडायचे. सेठचा माणूस रोज फोन करायचा, सीझन निकल जाएगा. मी तुम्हाला फोन केला नाही. वहिनी ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या, असं मी नंतर स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला माझ्या हिमतीवर ते काम संपवून दाखवायचं होतं. कंपायलरला मी वेगाचा पर्याय दिला. डबा लगेच सुरळीत चालू लागला. ऑफिसात मी तासभर चाचणी घेतली, एकाच हौदाची, आणि मिलमध्ये जाऊन डबा बसवून आले. परत येताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

त्या पर्यायाने काय केलं ते तुम्हीच मला पुढे समजावलंत, म्हणून ते तुमच्याच शब्दांत लिहिते. दुसऱ्या हौदाचं तापमान एका आकड्यात साठवलेलं होतं. तो आकडा बाहेरून, हौदातल्या तापमान मोजणाऱ्या तारेवरून बदलत राहायचा. पण तो बाहेरून बदलतो हे कंपायलरला सांगणारा एक शब्द लिहायचा राहून गेला होता. साध्या बांधणीत काही बिघडत नव्हतं, प्रोग्राम दर वेळी तो आकडा नव्याने पाहायचा. वेगाने चालव म्हटल्यावर कंपायलरने विचार केला की हा आकडा इथे कुणीच बदलत नाही, मग परत परत कशाला पाहायचा? त्याने तो एकदाच पाहिला आणि तोच धरून बसला. हौद तापला तरी प्रोग्रामच्या लेखी तो गारच.

एरवी पहिल्या हौदाचं काम होईपर्यंत दुसरा तापलेला असायचा आणि एकदाच पाहिलेला आकडाही बरोबर निघायचा, त्यामुळे पहिले दहा-बारा दिवस काही दिसलं नाही. त्या दिवशी पहिला हौद साफसफाईसाठी बंद होता, म्हणून प्रोग्रामने दुसऱ्याचा आकडा तो गार असतानाच पाहिला.

मंगरू त्या मिलमध्ये बॉयलर सांभाळायचा. त्याची बायको भागरता हौदावर होती. डब्यावरचा हिरवा दिवा लागला की खालचं झाकण उघडून धान काढायचं, असं आपणच त्यांना शिकवलं होतं. दिवा घड्याळावर लागायचा आणि वाफ तापमानावर बंद व्हायची. या दोघांनी एकमेकांना विचारायची सोय आपण ठेवली नव्हती. हिरवा दिवा लागला. तिने झाकण उघडलं. आत वाफ अजून चालूच होती.

मी तिथे नव्हते. मला फोन आला तेव्हा तिला गोंदियाच्या दवाखान्यात आणलं होतं.

त्या गडबडीत कुणीतरी सगळे व्हॉल्व्ह फिरवून बंद केले होते, त्यामुळे आधी कोणता उघडा होता हे कुणालाच सांगता येईना. डब्याच्या व्हॉल्व्हशिवाय वाफेचा एक वेगळा, हाताने फिरवायचा व्हॉल्व्हही होता आणि तो मंगरूच्या ताब्यात होता. सेठ म्हणाले, "मंगरू ने ही खुला छोडा होगा." मंगरू म्हणत होता, "नाही सेठ, मी बंद केला होता." सेठनी मला बोलावलं. म्हणाले, मॅडम, सबके सामने मशीन चलाके दिखाओ.

आता जे लिहिते ते तुम्हाला माहीत आहे. पण मी माझ्या तोंडाने ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

मिलला जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी दुकानात एकटी होते. मी बदललेली गोष्ट एकच होती, वेगाचा पर्याय. मी तो काढला, प्रोग्राम पुन्हा बांधला आणि चालवला. दुसऱ्या हौदाचा व्हॉल्व्ह बरोबर बंद झाला. पर्याय लावून पुन्हा बांधला. बंद झाला नाही. चार वेळा करून पाहिलं. चारही वेळा तेच. मग मी कॉम्प्युटरचं घड्याळ एक महिना मागे नेलं, पर्याय न लावता प्रोग्राम बांधला, आणि तो दुकानातल्या जादा डब्यात घातला. तुमची ओळ तिचं काम चोख करत होती. मी जे सांगितलं तेच तिने लिहिलं: जुनी तारीख आणि निर्दोष बांधणी.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये सगळ्यांसमोर मी तो डबा जोडला. मिलचा डबा सेठच्या केबिनमध्ये नेऊन ठेवला होता. मी म्हटलं, तो पाण्याने भिजला असेल, सारखाच दुसरा आणला आहे. व्हॉल्व्ह बंद झाला. सेठ म्हणाले, फिर से. पुन्हा झाला. तिसऱ्यांदाही. मंगरू समोर उभा होता. पहिल्या वेळी तो डब्याकडे पाहत होता. तिसऱ्या वेळी स्वतःच्या हाताकडे. मग तो हळूच म्हणाला, "तं मंग माह्याच ध्यानात नसन राहिलं."

त्याला कामावरून काढलं. भागरता अजून दवाखान्यातच होती.

आठ दिवसांनी तुम्ही नागपूरहून आलात. मी सेठना दाखवलं तेच तुम्हालाही सांगितलं, तुम्ही ऐकून घेतलंत. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये जाऊन सेठच्या केबिनमधला तो जुना डबा उचलून आणलात. त्यातला प्रोग्राम काढलात आणि फाइलमधला वाचता येईल तेवढा मजकूर बाहेर काढणारी आज्ञा दिलीत. मी पलीकडच्या टेबलावर होते, पाठ वळवून. प्रिंटरचा आवाज आला. थोड्या वेळाने परत आला.

तुम्ही दोन कागद माझ्या टेबलावर ठेवलेत. एकावर मिलच्या डब्यातली ओळ होती, त्यात वेगाचा पर्याय, खरी तारीख आणि माझं नाव. दुसऱ्यावर मी मिलमध्ये चालवून परत आणलेल्या दुकानातल्या डब्यातली, त्यात पर्याय नव्हता, आणि तारीख पहिल्याच्याही आधीची. त्या तारखेला तुम्ही गोंदियातच होतात आणि दुसऱ्या हौदाचा तुमचा भाग अर्धाही लिहून झाला नव्हता. त्या दिवशी तो प्रोग्राम बांधला जाणंच शक्य नव्हतं. हे तुमच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार?

"चहा पिऊन येतो," म्हणालात आणि गेलात.

तुम्ही मला वेळ दिलात. तासभर तरी. मी ते कागद खणात टाकले. तुम्ही परत आलात, रिकाम्या टेबलाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "माह्या भागात एक शब्द लिहाचा राहून गेला, शैला. चूक तिथं हाय. मी सेठले सांगून येतो."

"मी येऊ?"

"कायले?"

एवढंच. त्या 'कायले'चा अर्थ मी नऊ वर्षं लावत बसले आहे. तू आलीस तर तुला बोलावं लागेल, म्हणून नको? की तू येऊन तरी काय खरं सांगणार आहेस?

सेठना तुम्ही सांगितलंत की दोष आमच्या प्रोग्रामचा होता. सेठ म्हणाले, देखो झनकलाल, जो हुआ सो हुआ, अब बात मत बढ़ाओ. मंगरूला परत घ्यायला ते तयार झाले, पण मंगरू आला नाही. तुम्ही बस धरून त्याच्या गावी गेलात. प्रतापगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं ते गाव. परत आल्यावर एवढंच म्हणालात, "सांगून आलो." मी विचारलं नाही काय सांगून आलात, आणि त्याला पटलं का. मला वाटलं, मिटलं.

त्या मिलचं आणि तिच्या ओळखीच्या आणखी दोन मिलचं काम तुटलं. त्याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत. एकच नवा नियम आला. डबा बाहेर पडण्याआधी बांधणीची ओळ पडद्यावर आणायची आणि मी ती मोठ्याने वाचायची. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. पहिली काही वर्षं ते मला शिक्षेसारखं वाटायचं. वाटायचं, एकदाचं ओरडा, काढून टाका मला. तुम्ही काढलं नाहीत. उलट माझ्या लग्नात मामाच्या जागी उभे राहिलात. बाबा गेले तेव्हा नवेगावला येऊन चार दिवस राहिलात, तलावाच्या पाळीवर आईशी बोलत बसायचात. तुम्ही मला जे दिलंत ते माझ्या सख्ख्या भावाने दिलं नाही. म्हणूनच हे लिहिणं इतकं कठीण जातंय.

मग एक दिवस कंपायलर बनवणाऱ्यांनीच तशी सोय आणली. एक पर्याय दिला की बांधताना दिलेल्या सगळ्या आज्ञा आपोआप फाइलमध्ये नोंदल्या जातात. तुम्ही खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसलात आणि मला ते दोनदा वाचायला लावलंत. "पाह्य, साऱ्या दुनियेले पटलं." तेवढं खूश मी तुम्हाला क्वचितच पाहिलं होतं. आणि आपण पुन्हा भांडलो, आठवतं? मी म्हटलं, आता आपली ओळ काढून टाकू, त्यांचीच वापरू. तुम्ही म्हणालात, त्यांच्या नोंदीत कुणी बांधलं ते येत नाही, आणि फाइल लहान करायची आज्ञा दिली की ती नोंद पुसूनही टाकता येते. मी म्हटलं, पुसायचंच असेल तर माणूस काहीही पुसतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी पडद्याकडे.

त्याच हिवाळ्यात अर्जुनीहून परतताना आपण कोहमाऱ्याला ढाब्यावर थांबलो होतो. ट्रकवाले जेवत होते. नऊ वर्षांत त्या दिवशीएवढी मी सांगायच्या जवळ कधी आले नव्हते. मी म्हटलं, "भाऊ, फाइल खरं सांगते. पण तिला जे सांगितलं तेवढंच ती सांगते. सांगणाराच खोटा असला तर?"

तुम्ही म्हणालात, "चहा थंडा होऊन राहिला, पिऊन घे."

मी प्याले. त्या वेळी मला वाटलं, माफ केलंत. आता वाटतं, तुम्हालाही ऐकायचं नव्हतं. मी बोलले असते तर तुम्हाला काहीतरी करावं लागलं असतं. मी गप्प होते तोवर तुम्हालाही गप्प राहता येत होतं.

शेवटच्या आठवड्यात मी तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही डायलिसिस करून आला होतात, बोलायची ताकद नव्हती. वहिनी मला म्हणाल्या, तुझी वाट पाहून राहिले होते. मी शेजारी बसले. तुम्ही माझ्या नव्या डब्याबद्दल विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. मी सांगणारच होते. मग डॉक्टरांचा फोन आला, वहिनी आत आल्या आणि वेळ गेली. खरं सांगू का, फोन आला तेव्हा मला हायसं वाटलं होतं. ते हायसं वाटणं आता मला सोसवत नाही.

तेरवीनंतर आठ दिवस मी काढले. परवा सकाळी मंगरूच्या गावी गेले.

तो अंगणात बांबूची टोपली विणत होता. मिल सोडल्यापासून तो हेच करतो, आणि थोडी रोवणी-कापणी. भागरता सावलीत बसली होती. मी म्हटलं, मला दोघांशी बोलायचं आहे. बसायला खाट दिली. मी खाटेवर बसले नाही, खालीच बसले.

मी सगळं सांगितलं. वेगाचा पर्याय, एका हौदाची चाचणी, मागे नेलेलं घड्याळ. मंगरूला कंपायलर समजणार नव्हता, म्हणून त्याला समजेल असं सांगितलं. म्हटलं, "त्या दिवशी सगळ्यांसमोर मी जो डबा चालवून दाखवला तो मिलमधला नव्हता. मी आदल्या दिवशी दुरुस्त करून आणलेला होता. मिलमधला चालवला असता तर व्हॉल्व्ह बंद झाला नसता, आणि ते मला ठाऊक होतं."

त्याचे हात थांबले. "म्हनजे मी वाफ बंद केली होती?"

भाऊ, याचं उत्तर कुठल्याच फाइलमध्ये नाही. त्याने हाताचा व्हॉल्व्ह फिरवला होता की नाही, हे कुठे लिहिलेलं नाही. हो म्हणून टाकावं असं फार वाटलं. पण आता आणखी एक खोटं नको होतं. मी म्हटलं, "तुम्ही हाताचा व्हॉल्व्ह बंद केला असो की नसो, डब्याने त्याच्या व्हॉल्व्हमधून वाफ सोडलीच असती. तिचे हात जळलेच असते."

त्याने तेच पुन्हा विचारलं. मी तेच उत्तर पुन्हा दिलं. मग तो उठला, अर्धी टोपली तिथेच ठेवून घरामागे गेला, आणि मी तिथे होते तोवर परत आला नाही.

भागरता माझ्याकडे पाहत होती. रागाने नाही, जणू नीट ओळख पटवून घेत होती. मग विचारलं, "भाऊले माहीत होतं का?"

"हो."

"तुहं नाव?"

"हो."

"अन् इथं येऊन बसला होता तवा सांगतलं नाही. माहा नवरा नऊ सालं मले चुलीजवळ जाऊ देत नाही. भात तोच रांधते. झोपेत उठून हात पाह्यते माहे. तुमी दोघायनं मिरून त्याले असं ठेवलं."

मी माफी मागितली. ती शब्द ऐकून घेतल्यासारखी बसली. नंतर म्हणाली, "मले एकटीले सांगून काय होते? सारा गाव म्हनते का मंगरूनं बायकोचे हात जारले. मंगरवारी बैठक रायते समाजमंदिरात. तिथं येऊन सांग. साऱ्यायसमोर."

मी हो म्हटलं.

येताना बसमध्ये मला तुमचा राग आला, भाऊ. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. फाइलने स्वतःचं सगळं खरं सांगावं म्हणून तुम्ही माझ्याशी चौदा वर्षं भांडलात, आणि माझं नाव मात्र स्वतःपाशी ठेवून गेलात. त्या दिवशी ते दोन कागद टेबलावर ठेवून चहाला न जाता समोर बसला असतात तर मी मोडले असते, नोकरी गेली असती, कदाचित पोलीसही आले असते. पण मंगरूला रात्रीची झोप मिळाली असती. तुम्ही मला वाचवलंत, आणि त्याची किंमत मंगरूने मोजली. हे तुम्हाला कळलं नसेल असं मी मानत नाही. कळत असूनही तुम्ही तसं केलंत. माझ्यावर माया होती म्हणून केलंत. त्या मायेला आता काय म्हणू ते मला कळत नाही. ती नको होती असंही माझ्याने म्हणवत नाही.

वहिनींना काल सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यायचं नाव पन येईन त्यात."

मी म्हटलं, येईल.

"येऊ दे," म्हणाल्या, आणि मी निघताना, "मी नाही येनार तुह्यासंग."

मंगळवारी मी जाते आहे. सकाळच्या बसने. काय बोलायचं ते लिहून काढलं आहे, तुमच्याविषयीचं वाक्य तीनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे. तुम्ही असतात तर मला अडवलं असतंत, की माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसला असतात? चौदा वर्षं तुमच्यासोबत काम केलं, आणि हे मला सांगता येत नाही.

— शैला